एकाच मापाने मोजलेल्या जखमा: पंचमहासरोवरांतील लॅम्प्री नियंत्रणाचे प्रकरण

उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांत सर्वेक्षणाच्या होडीत मोजपट्टीच्या फळीवर लेक ट्राउट हा मासा आडवा ठेवतात आणि आधी त्याची लांबी बघतात. ५३२ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण २१ इंचांपेक्षा लहान असेल तर या नोंदीपुरता तो बाजूला. मोठा असेल तर लॅम्प्रीने, म्हणजे माशाला चिकटून रक्त शोषणाऱ्या जिवाने, केलेल्या जखमांसाठी दोन्ही कुशी नीट चाचपायच्या. खवले खरवडले गेलेत पण कातडी फुटलेली नाही, तर खूण 'बी' प्रकारची. भोक मांसापर्यंत गेले असेल तर 'ए'. मग ते भोक ताजे आहे, भरू लागले आहे, बरेच भरले आहे की पूर्ण भरून त्यावर नवे खवले आले आहेत, यावरून १ ते ४ हा क्रमांक. हल्लेखोर नुकताच सुटून गेला असेल तर ए-१. वर्षापूर्वीचा जुना व्रण असेल तर ए-४, आणि तो हिशेबात धरत नाहीत, कारण त्यावरून या वर्षीच्या हल्ल्यांचे काही कळत नाही.

एव्हरेट लुई किंग आणि थॉमस एड्सॉल यांनी ही प्रतवारी १९७९ साली छापली. तेव्हापासून मिशिगनचा कर्मचारी असो, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचा असो की एखाद्या मूलनिवासी जमातीच्या मत्स्यखात्याचा, जखम बघून लिहायची ती याच रीतीने. बहुतेक सरोवरांसाठी उद्दिष्टही एकच ठरले: दर १०० मोठ्या ट्राउटांमागे ए-१ ते ए-३ प्रकारच्या खुणा पाचाहून कमी हव्यात.

पंचमहासरोवरांतल्या समुद्री लॅम्प्रीची गोष्ट सांगताना बहुतेक जण तिला मारणाऱ्या औषधापाशी थांबतात. औषध खरोखरच विलक्षण आहे. पण ते कोणत्या ओढ्यात, कोणत्या वर्षी, किती घालायचे आणि घातल्याचा उपयोग झाला की नाही, हे सांगणारी सामाईक नोंदवही नसती तर ते औषध पुढे कधीच बंद पडले असते, असे मला वाटते. हे प्रकरण त्या नोंदवहीचे आहे.

शिरकाव

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारिओ या पाच सरोवरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. शिकागो, मिलवॉकी, टोरांटोकडच्या मराठी घरांत नळाला येते ते याच सरोवरांचे पाणी. अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांची हद्द या पाण्याला लागते. मासेमारीचे हक्क असलेल्या मूलनिवासी जमाती वेगळ्याच. माशांना यातली एकही हद्द कळत नाही.

समुद्री लॅम्प्री मूळची अटलांटिकची. तिला जबडा नाही. तोंडाच्या जागी एक गोल चूषक, त्यात शिंगासारख्या कठीण पदार्थाच्या दातांची वर्तुळे आणि मधोमध खरवडणारी जीभ. ती मोठ्या माशाच्या कुशीला चिकटते, भोक पाडते, रक्त गोठू न देणारी लाळ सोडते आणि रक्त शोषत राहते. समुद्रातले यजमान मासे मोठे असतात, त्यांतले बरेच तगतात. सरोवरातला ट्राउट बहुधा मरतो. सरोवरात काढलेल्या वर्ष-दीड वर्षाच्या काळात एक लॅम्प्री १८ किलोपर्यंत मासे संपवू शकते.

ओंटारिओ सरोवरात तिची नोंद १८३५ पासून आहे. त्यापलीकडे नायगाराचा धबधबा आडवा होता. त्याला वळसा घालणारा वेलँड कालवा जहाजांसाठी १८२९ साली खुला झाला आणि पुढे वारंवार रुंद आणि खोल होत गेला. १९२१ साली लॅम्प्री ईरी सरोवरात सापडली, १९३६ साली मिशिगनमध्ये, १९३७ साली ह्युरॉनमध्ये आणि १९३८ साली सुपीरियरमध्ये. त्याआधी वरच्या तीन सरोवरांतून दोन्ही देश मिळून वर्षाला सुमारे दीड कोटी पौंड लेक ट्राउट काढत. १९६०च्या सुरुवातीला हा आकडा तीन लाख पौंडांवर आला. अतिरेकी मासेमारीचा वाटा त्यात होताच, तो झाकण्यात अर्थ नाही. पण मिशिगन सरोवरातून ट्राउट जवळपास नाहीसाच झाला, तो या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे.

संकट सगळ्यांना दिसत होते, पण एकत्र यायला कोणी तयार नव्हते. मासेमारीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांचा, आणि शेजारच्या राज्याने जाळ्याचे आस, म्हणजे भोकांचा आकार, ठरवलेले कोणाला चालेना. १९४६ साली दोन्ही देशांनी एक करार केला, पण त्याला मान्यता मिळालीच नाही. १९५४ साली दुसरा करार झाला आणि १९५५ पासून अमलात आला. त्यातून ग्रेट लेक्स फिशरी कमिशन उभे राहिले. या आयोगाला मासेमारीचे नियम करण्याचा अधिकार मुद्दामच दिला नाही. दोन कामे दिली: दोन्ही देशांतल्या मत्स्यसंशोधनाचा मेळ घालणे आणि समुद्री लॅम्प्रीचा बंदोबस्त करणे. अधिकार न मागता फक्त माहिती आणि संशोधन मागणारी संस्था राज्यांनी सहन केली. सत्तर वर्षे ती टिकली त्याचे बरेचसे श्रेय या मर्यादेलाच जाते. लॅम्प्रीच्या खर्चाची वाटणीही जुन्या ट्राउट उत्पादनाच्या प्रमाणात ठरली, अमेरिकेचे ६९ टक्के आणि कॅनडाचे ३१.

काचेच्या बरण्या

ह्युरॉन सरोवराच्या काठावर मिशिगनमध्ये हॅमंड बे नावाचे संशोधन केंद्र आहे. तटरक्षक दलाच्या जुन्या ठाण्यात ते थाटले. तिथे व्हर्नन ॲपलगेट या जीवशास्त्रज्ञाने आधी लॅम्प्रीचा जीवनक्रम तपासला आणि त्यातून तिचा कच्चा दुवा सापडला. सरोवरातल्या लॅम्प्रीला गाठणे अशक्य. पण अंडी घालायला ती ओढ्या-नद्यांत शिरते, एकदाच वीण घालते आणि मरते. पिल्ले आंधळी आणि दात नसलेली असतात, तळाच्या गाळात बीळ करून तीन-चार वर्षे, कधी त्याहून जास्त, पाण्यातले कण गाळून खात पडून राहतात. म्हणजे चार-पाच वर्षांच्या विणी एका ओढ्याच्या गाळात एकाच वेळी सापडतात.

मग औषधाचा शोध सुरू झाला. रासायनिक कंपन्यांनी हजारो संयुगांचे नमुने पाठवले. काचेच्या बरण्यांत लॅम्प्रीची पिल्ले, इंद्रधनुषी ट्राउटची पिल्ले आणि ब्लूगिल ही तिन्ही एकत्र ठेवायची, एक संयुग घालायचे आणि कोण मरते ते बघायचे. काही संयुगांत सगळे मरत, बहुतेकांत कोणीच मरत नसे. सुमारे सहा हजार संयुगे अशी तपासली गेली. १९५०च्या दशकाच्या मध्यास एका बरणीत फक्त लॅम्प्री मेल्या आणि बाकीचे मासे पोहत राहिले. ते संयुग नायट्रोफेनॉल जातीचे होते. त्याच्या भाऊबंदांतून टीएफएम निवडले गेले आणि १९५८ साली सुपीरियरला मिळणाऱ्या मॉस्किटो नदीत ते पहिल्यांदा वापरले.

ते निवडून मारते याचे कारण बऱ्याच वर्षांनी उलगडले. टीएफएम पेशीतली ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा बिघडवते आणि ती सगळ्यांचीच बिघडते. पण बहुतेक माशांच्या यकृतात या विषाला ग्लुकुरॉनिक आम्लाशी बांधून शरीराबाहेर टाकणारे एन्झाइम भरपूर असते, लॅम्प्रीत ते अगदी कमी. मासा विष काढून टाकत राहतो आणि लॅम्प्रीची शिदोरी संपते.

ओढ्यावरचा एक दिवस

औषध ओतले की काम झाले, असे इथे होत नाही. टीएफएम किती विषारी ठरेल हे पाण्याच्या पीएचवर आणि अल्कतेवर अवलंबून असते. पीएच कमी असेल तर औषधाचा मोठा भाग कल्ल्यांतून सहज आत शिरणाऱ्या रूपात राहतो. पीएच वाढला की तेच औषध निम्मेही लागू पडत नाही. त्यात एकाच ओढ्याचा पीएच दिवसभर एक राहत नाही. दुपारी पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषतात तेव्हा तो चढतो, रात्री उतरतो. दुपारी लॅम्प्रीला जेमतेम पुरेल असे प्रमाण पहाटे ट्राउटलाही मारू शकते.

म्हणून औषधाच्या आधी पथक ओढ्यात रंग सोडते आणि पाण्याला वरून खाली पोचायला किती वेळ लागतो ते मोजते. बाजूचे झरे आणि छोटे प्रवाह कुठे मिळतात ते बघते, कारण तिथल्या स्वच्छ पाण्यात लॅम्प्री आसरा घेते. मग औषधाचा पट्टा साधारण बारा तास चालत खाली जाईल अशा बेताने पंप लावतात आणि ठरलेल्या ठिकाणी रात्रंदिवस पाण्याचे नमुने तपासतात. किती प्रमाण ठेवायचे ते पीएच आणि अल्कता यांच्या कोष्टकावरून ठरते. ते कोष्टक शेकडो चाचण्यांतून बनलेले आहे आणि अमेरिकन मत्स्य व वन्यजीव सेवेचे आणि कॅनडाच्या मत्स्यखात्याचे, अशी दोन्ही पथके ते वापरतात. एखाद्या पथकाला कुठे मासे मेलेले दिसले तर त्या दिवसाचे पाण्याचे आकडे पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतात.

या सरोवरांना पाच हजारांहून जास्त उपनद्या-ओढे मिळतात आणि त्यांतल्या पाचशेच्या आतबाहेर ओढ्यांतच लॅम्प्री वाढते. सगळ्यांवर दरवर्षी औषध घालणे ना परवडते ना गरजेचे. पाठीवर बॅटरी घेतलेले कर्मचारी गाळात विजेचा हलका झटका देऊन पिल्ले वर काढतात, मोजतात, लांबी घेतात. कोणत्या ओढ्यात सरोवराकडे निघण्याच्या बेताची पिल्ले जास्त आहेत आणि कुठे एका डॉलरमागे जास्त लॅम्प्री मरतील, त्यावरून पुढच्या वर्षीची यादी ठरते. देशाची हद्द त्या यादीत बघत नाहीत. निदान बघायची नाही असे ठरले आहे, आणि बरेच वेळा ते पाळलेही जाते.

यश लवकर दिसले. सुपीरियरमध्ये औषधफेऱ्या सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सापडणाऱ्या लॅम्प्रींची संख्या कोसळली. आज बहुतेक भागांत लॅम्प्री जुन्या उच्चांकाच्या सुमारे दहा टक्क्यांवर दाबून ठेवलेली आहे. संपलेली मात्र नाही आणि संपणारही नाही. एक मादी हजारोंनी अंडी घालते, आणि चुकून सुटलेल्या चार-दोन मादीसुद्धा एक ओढा पुन्हा भरून टाकतात.

वाटून घेण्याची व्यवस्था

नियम करणारा एक कोणी नसताना एवढ्या खात्यांनी एका दिशेने कसे चालायचे? १९८१ साली राज्ये, प्रांत आणि दोन्ही केंद्र सरकारांची खाती यांनी मिळून एक संयुक्त आराखडा मान्य केला आणि पुढे मूलनिवासी जमातींच्या मत्स्यसंस्थाही त्यात आल्या. त्याआधी १९७९ साली अमेरिकन न्यायालयाने जमातींचे करारातले मासेमारीचे हक्क कायम असल्याचे सांगितले होते, त्यामुळे त्यांना वगळून काही ठरवणे आता शक्यच नव्हते. आराखडा कायद्याने बंधनकारक नाही. त्याचे आधार चार: एकमताने निर्णय, दिलेल्या शब्दाची जबाबदारी, परिसंस्थेचा विचार आणि माहितीची देवाणघेवाण. प्रत्येक सरोवराची एक समिती, तिच्याखाली तांत्रिक समिती. दरवर्षी सगळे जण आपापले आकडे घेऊन बसतात.

एकमत हा शब्द ऐकला की आपल्याला रटाळ बैठका आठवतात, आणि त्या तिथेही होतच असणार. पण एकमत होण्याआधी आकड्यांवर एकमत व्हावे लागते. तिथे ती जखमांची प्रतवारी उपयोगी पडते. ओंटारिओने मोजलेल्या ए-२ वर मिशिगनला संशय घ्यायला जागा उरत नाही.

तशीच गोष्ट ग्लाटोस या यंत्रांच्या जाळ्याची. माशाच्या पोटात ध्वनिसंकेत देणारे छोटे यंत्र बसवतात आणि पाण्यात ठेवलेले ग्राहक-यंत्र तो संकेत टिपते. एकट्या संशोधकाला जेमतेम एका खाडीपुरती ग्राहक-यंत्रे परवडतात. २०१० पासून सगळ्यांनी ती एका जाळ्यात जोडली. एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरही लागावा, तसे एकाने खूण केलेला वॉलाय किंवा स्टर्जन मासा दुसऱ्याच्या यंत्राजवळून गेला तरी नोंद मूळ मालकाला पोचते. मासा दोन राज्ये ओलांडून अंडी घालायला कुठे जातो हे अशा रीतीने कळू लागले.

सेंट मेरीज नदीच्या प्रकरणात या व्यवस्थेचा कस लागला. सुपीरियरमधून ह्युरॉनकडे वाहणारी ही नदी इतकी मोठी की तिच्यात टीएफएम ओतणे म्हणजे पैसे वाहत्या पाण्यात सोडणे. एके काळी तिच्यात कारखान्यांची इतकी घाण होती की लॅम्प्री फारशी वाढत नसे. प्रदूषण कमी झाले तसे लॅम्प्रीचे फावले आणि १९८०-९०च्या दशकांत ह्युरॉन आणि उत्तर मिशिगन सरोवरातल्या लॅम्प्रींचा हा मोठा उगम बनला. ह्युरॉनमध्ये ट्राउट सोडायचे आणि त्यांना लॅम्प्रीने खायचे, असे चालले होते.

उपाय निघाला तो नकाशातून. खोल पाण्यात चालणारे विजेचे उपकरण वापरून नदीच्या तळाचे जागोजागी नमुने घेतले आणि पिल्ले दाट कुठे आहेत ते ठिपक्याठिपक्याने मांडले. मग १९९८-९९ साली वाळूच्या कणांवर लेप दिलेले बेलुसाइड हे दुसरे औषध हेलिकॉप्टरने फक्त त्या दाट ठिकाणी टाकले. कण तळाला जाऊन बसतात आणि तिथेच विरघळतात. जोडीला सापळ्यांत धरलेल्या नरांना हॅमंड बे केंद्रात वांझ करून परत सोडण्याचाही प्रयोग बरीच वर्षे चालला. २०११ नंतर तो थांबवला, कारण आकड्यांवरून त्याचा वेगळा फायदा दाखवता येईना. चालू असलेला उपाय आकडे बघून बंद करणे सरकारी खात्यांत किती अवघड असते, हे वाचकाला सांगायला नको.

गंधाचीही कथा अशीच. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या वेमिंग ली यांच्या गटाने २००२ साली दाखवले की वीण घालायला तयार झालेला नर एक पित्तआम्लजन्य संयुग पाण्यात सोडतो आणि मादी त्या वासावर येते. दशकाहून जास्त काळाने अमेरिकेने ते जैविक कीटकनाशक म्हणून नोंदवले, पृष्ठवंशी प्राण्याचा असा गंध पहिल्यांदाच. सापळ्यांत ते वापरल्यावर पकड वाढली, पण टीएफएमची जागा घेईल इतकी नाही. प्रयोगशाळेतला देखणा शोध नदीच्या पाण्यात पातळ होतो.

ट्राउट परत आणणे

शत्रू कमी केला म्हणजे मासा परत येतो असे नाही, हे कळायला वीस-तीस वर्षे गेली. लाखो पिल्ले सोडली, ती मोठी झाली, काही अंडीही घालू लागली, पण सुपीरियरबाहेर नैसर्गिक वीण मूळ धरेना.

एक कारण वेगळ्याच आक्रमकाकडे निघाले. एलवाइफ हा अटलांटिकचा चिमुकला मासाही कालव्यांतून वर चढला होता. ट्राउट गेल्यावर त्याला खाणारे कोणी उरले नाही, आणि १९६७ साली मिशिगन सरोवराच्या काठांवर मेलेल्या एलवाइफचे खच पडले. त्याला खायला प्रशांत महासागरातले सामन माशांचे दोन प्रकार आणून सोडले गेले आणि त्यातून गळाच्या हौशी मासेमारीचा मोठा धंदा उभा राहिला. एलवाइफमध्ये थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोडणारे एन्झाइम असते. तेच खाऊन वाढलेल्या ट्राउट मादीच्या अंड्यांत थायमिन कमी पडते आणि पिल्ले अंड्यातून निघाल्यावर थोड्याच दिवसांत मरतात. १९९०च्या दशकात हे उलगडले तेव्हा बाल्टिक समुद्रातल्या सामन पिल्लांच्या तशाच मरतुकीवर स्वीडनमध्ये काम चालू होते. दोन्हीकडच्या लोकांनी लक्षणे, अंडी आणि उपचार यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा दोन वेगळ्या वाटणाऱ्या रोगांचे मूळ एक निघाले.

२००३-०४ च्या सुमारास ह्युरॉनमध्ये एलवाइफ कोसळला आणि लगेचच जन्मजात रानटी ट्राउट पिल्ले जाळ्यांत दिसू लागली. त्याच घटनेने सामनची मासेमारीही कोसळली आणि काठावरच्या छोट्या बंदरांतल्या गळ-आमिषाच्या दुकानांनी, होडीवाल्यांनी कपाळाला हात लावला. संशोधकाला जी सुवार्ता ती दुकानदाराला नव्हती. भिगवणच्या मासळी बाजारात उजनीच्या चिलापीचे ढीग बघितलेल्याला हे चटकन समजेल: बाहेरून आलेला मासा काही वर्षांत कोणाची तरी रोजीरोटी होऊन बसतो आणि मग त्याला आक्रमक म्हणणे जड जाते.

दुसरी गोष्ट वाणाची. सोडलेल्या ट्राउटांत न्यू यॉर्क राज्यातल्या सेनेका सरोवराचा एक वाण होता. त्या सरोवरात ट्राउट आणि लॅम्प्री एकत्र नांदत आलेले. खुणा केलेल्या माशांच्या परतीच्या नोंदी वर्षानुवर्षे जमवल्यावर दिसले की हा वाण लॅम्प्रीच्या तावडीतून जास्त तगतो. पुढे जनुकीय चाचण्यांत ह्युरॉनमधल्या रानटी ट्राउटांतही त्याचा वाटा अपेक्षेहून मोठा निघाला. कोणता वाण किती सोडला याची प्रत्येक खात्याने आपापल्या रीतीने नोंद ठेवली असती तर हे दिसलेच नसते.

सुपीरियरमध्ये मूळ ट्राउटचे थोडे वाण दूरच्या खडकांवर शिल्लक होते, तो मोठा आधार ठरला. १९९०च्या दशकातच बहुतेक भागांत पिल्ले सोडणे थांबवले गेले आणि २०२४च्या अखेरीस त्या सरोवराच्या समितीने लेक ट्राउट पूर्ववत झाल्याचे जाहीर केले. लॅम्प्री मात्र आजही तिथल्या ओढ्यांत आहे आणि औषधफेऱ्या चालूच आहेत.

हिशेबाची दुसरी बाजू

या सगळ्याची किंमत दुसऱ्या जिवांनीही मोजली. सरोवरांच्या स्वतःच्या लॅम्प्रींच्या चार जाती आहेत, त्यांतल्या दोन तर परजीवीही नाहीत. औषध घातलेल्या ओढ्यांत त्याही मरतात. मडपपी नावाचा मोठा जलसॅलॅमँडरही औषधाला हळवा आहे.

लेक स्टर्जनचा पेच अधिक अवघड. लहान स्टर्जन टीएफएमला बळी पडतात, म्हणून स्टर्जनच्या नद्यांत १ ऑगस्टनंतर औषध घालण्याचा नियम झाला, पिल्ले तोवर थोडी मोठी होतात. मग दुसऱ्या अभ्यासांतून पुढे आले की उन्हाळ्याच्या उबदार पाण्यात लॅम्प्रीची पिल्लेही टीएफएम जास्त सोसतात. स्टर्जनसाठी थांबावे तर लॅम्प्री सुटते. अनेक जमातींसाठी स्टर्जन हा केवळ मासा नाही, कुळाचे चिन्ह आहे. तेव्हा इथे उत्तर आकड्यांतून आपोआप निघत नाही, नदीगणिक बसून ठरवावे लागते. दोन्ही अभ्यास एकाच बैठकीत समोर असतात एवढीच यातली जमेची बाजू.

अटलांटिकच्या पलीकडे हीच लॅम्प्री दुर्मीळ होत चालली आहे. पोर्तुगालमध्ये ती चवीने खातात आणि तिच्यासाठी नद्यांचे अडथळे दूर करतात. इंग्लंडच्या ग्लॉस्टर शहराची राजघराण्याला लॅम्प्री भरून भाजलेला 'पाय' हा पदार्थ पाठवण्याची जुनी रीत आहे. २०१२ साली राणीच्या राज्यारोहणाच्या साठीला तिथे पुरेशा लॅम्प्री मिळेनात, तेव्हा त्या महासरोवरांतून पाठवल्या गेल्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया नदीच्या जमाती वेगळ्या जातीची प्रशांत लॅम्प्री वाचवायला झटत आहेत. लॅम्प्री कशाच्या वासावर येते, किती उंच धारेपुढे हरते, पिल्ले कसल्या गाळात राहतात, हे ज्ञान मारायला जमवले गेले आणि वाचवायला तितकेच कामी येते.

खंड

सलग काम थांबले तर काय होते याचा प्रयोग कोणी मुद्दाम केला नसता. तो करोनाने केला. २०२० साली ठरलेल्या औषधफेऱ्यांपैकी सुमारे २५ टक्केच झाल्या, २०२१ साली सुमारे ७५ टक्के. सुटलेली पिल्ले सरोवरात उतरून, मोठी होऊन विणीला परत येईपर्यंत दोनेक वर्षे जातात, म्हणून परिणाम उशिरा दिसला. पण दिसला तो स्पष्ट. लॅम्प्री वाढल्या आणि ट्राउटांवरच्या ताज्या खुणाही. २०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने केलेल्या नोकरकपातीत औषधफेऱ्यांच्या पथकांतलेही लोक गेले आणि ओरड झाल्यावर परत घेतले गेले. त्या ओरडीत करोनाकाळातले आकडे हाताशी होते. दोन्ही देशांतल्या मच्छीमारांपासून खासदारांपर्यंत सगळ्यांनी तेच पुढे केले. पाच अब्ज डॉलरांच्या वर किंमत असलेल्या मासेमारीसाठी दरवर्षी काही कोटी डॉलर का घालायचे, याचे उत्तर यापूर्वी इतके सोपे कधी नव्हते.

सध्याचा खरा वाद बंधाऱ्यांचा आहे. लॅम्प्री पोहण्यात कच्ची, उडी तर मारतच नाही. म्हणून शे-दीडशे वर्षांपूर्वीचे गिरण्यांचे नि विजेचे जुने बंधारे तिला वरच्या शेकडो किलोमीटर ओढ्यांपासून अडवून बसले आहेत. मिशिगनमधल्या मॅनिस्टिक नदीचा बंधारा जुना होऊन गळू लागला तेव्हा वरची नदी लॅम्प्रीचे आगर झाली आणि मिशिगन सरोवरात त्याचा भार दिसला. पण हेच बंधारे स्टर्जन, सकर, वॉलाय यांनाही अडवतात. बंधारे पाडा म्हणणारे आणि ठेवा म्हणणारे, दोघेही मासे वाचवण्याचीच भाषा करतात आणि दोघांचेही खरे आहे.

मिशिगनच्या ट्रॅव्हर्स सिटीत बोर्डमन नदीवरचे वरचे तीन बंधारे २०१२ ते २०१८ या काळात पाडले गेले. सर्वांत खालचा, शहरातला बंधारा मात्र मोकळा करता येत नव्हता, कारण तो गेला की लॅम्प्री थेट वर. तिथे फिशपास नावाची रचना उभी राहते आहे. न्यायालयीन वादात काही वर्षे गेल्यावर २०२४ साली बांधकाम सुरू झाले. एका बाजूने माशांची वाट पूर्ण अडवायची आणि दुसऱ्या बाजूच्या वाटेत माशांची चाळण करायची. आकार, पोहण्याचा वेग, उडी, वास आणि विजेचा धक्का टाळण्याची सवय यांतल्या फरकांवरून हवे ते मासे वर सोडायचे आणि लॅम्प्री खाली ठेवायची. बांधून झाल्यावर सुमारे दहा वर्षे ते प्रयोगशाळा म्हणूनच चालवायचे ठरले आहे. कोणते मासे वर सोडायचे याची यादी राज्य आणि तिथली ग्रँड ट्रॅव्हर्स जमात मिळून ठरवणार, आणि त्या दहा वर्षांत चाळण पुरती भरवशाची ठरेपर्यंत लॅम्प्रीच्या वाटेवरचा अडथळा जागचा हलणार नाही.